झडीच्या दिवशी घरून काम: पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुण्यात बर्फ पडत नाही. थंड देशांतल्या सहकाऱ्यांना बर्फामुळे जसा दिवस मिळतो, बाहेर सगळं चिडीचूप, घरात ऊब आणि टेबलावर काम, तसा दिवस इथे आषाढातली झड देते. दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, समोरची टेकडी ढगात जाते, रस्त्यावरचे हॉर्न कमी होतात आणि पत्र्यावर एकसारखा आवाज लागून राहतो. घरून काम करणाऱ्याला वर्षभरात यापेक्षा चांगले दिवस मिळत नाहीत.

पण तयारी नसेल तर तोच दिवस हातातून निसटतो. ऐन मीटिंगमध्ये लाईट जाते, खिडकीतून पाणी येऊन वायरीखाली थारोळं साचतं, दूध संपलेलं असतं आणि मोबाइल पंधरा टक्क्यांवर असतो. यातलं जवळपास सगळं टाळता येतं. त्यासाठी जूनच्या सुरुवातीला एक रविवार आणि प्रत्येक झडीच्या आदल्या रात्री अर्धा तास द्यावा लागतो.

हाताशी काय हवं

कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायच्या गोष्टी: महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक (भाड्याच्या घरात बिल घरमालकाच्या नावावर असतं, म्हणून तो आधीच मागून घ्या), इंटरनेटवाल्याचा ग्राहक क्रमांक आणि तुमच्या भागातल्या लाइनमनचा थेट मोबाइल नंबर, सोसायटीच्या वॉचमनचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर. विजेच्या तक्रारीसाठी १९१२, अग्निशमन दलासाठी १०१ आणि कुठल्याही आणीबाणीला ११२. हे सगळं फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका. ज्या दिवशी लागतं, त्याच दिवशी मोबाइल बंद पडलेला असतो.

सामान: राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (लाईट गेली तरी राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी), २०,००० एमएएचची पॉवर बँक, चांगला टॉर्च, वायरचा हेडफोन, जुना टूथब्रश, दोन जाड पायपुसणी, खिडकीसाठी एक जुना टॉवेल आणि दोरी. इन्व्हर्टर असेल तर उत्तम, पण तो नसतानाही काम भागतं.

१. पाऊस कोणता आहे ते ओळखा

विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेल्यांना पुण्याचा पाऊस सुरुवातीला कळत नाही. तिकडे तो धो धो कोसळतो आणि उघडतो. इथे जुलैमध्ये तो भुरभुर, झिमझिम, रिपरिप असा दिवस दिवस चालतो. दिवसभर छत्री मिटता आली नाही तरी दुसऱ्या दिवशी आकडा बघावा तर जेमतेम पंधरा-वीस मिलिमीटर. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळा आणि ताम्हिणीकडे तो त्याच्या कित्येक पट असतो.

कामाच्या दृष्टीने तीन पाऊस वेगळे धरा.

वळवाचा, एप्रिल-मे मधला. दुपारनंतर आभाळ भरून येतं, वारा सुटतो, विजा कडाडतात, फांद्या पडतात आणि तासाभरात सगळं शांत होतं. उपकरणांना खरा धोका या पावसात आहे.

झडीचा, मृग लागल्यानंतर जमलेला आणि आषाढात मुरलेला. विजा जवळपास नसतात, वारा पश्चिमेचा असतो, ओल प्रचंड असते. हा लेख मुख्यतः याच पावसाबद्दल आहे.

परतीचा, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमधला. पुन्हा विजा, पुन्हा संध्याकाळच्या जोरदार सरी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर अशाच दिवसांतला होता. गणपती झाले म्हणजे पाऊस संपला, असं समजू नका.

हवामान विभागाचा इशारा वाचताना एक चूक सर्रास होते. ‘पुण्याला रेड अलर्ट’ अशी बातमी येते आणि शहरात ऊन पडलेलं असतं, मग लोक पुढचे इशारे वाचणंच सोडतात. मूळ इशारा उघडून बघा. पुष्कळदा तो जिल्ह्याच्या घाटभागासाठी असतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ च्या वर ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ हे मोजमाप लक्षात ठेवलंत की इशाऱ्याची भाषा कळायला लागते.

आणि घाटातला पाऊस शहराचा नाही म्हणून सोडून देऊ नका. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं त्याच पावसावर भरतात. त्यातलं शेवटचं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफूट पाण्याचं आहे. वरची धरणं भरत आली आणि घाटात पाऊस चालू राहिला की त्याला पाणी साठवायला जागाच उरत नाही, ते मुठा नदीत सोडावं लागतं. म्हणजे तुमच्या खिडकीबाहेर नुसती भुरभुर असतानाही नदीकाठी पाणी चढू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी चहाबरोबर खडकवासल्याचा विसर्ग किती क्युसेक आहे ते बघायची सवय लावा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर.

२. आदल्या रात्रीचा अर्धा तास

लॅपटॉप, मोबाइल आणि पॉवर बँक शंभर टक्के चार्ज करा. उद्या ज्या फायलींवर काम आहे त्या उतरवून लॅपटॉपवर ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी दोन तास हात थांबणार नाही. पिण्याचं पाणी भरा आणि बाथरूममध्ये दोन बादल्या भरून ठेवा. लाईट गेली की सोसायटीचा पंप बंद पडतो, टाकीत पाणी उरलं तर उरलं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाईट आणि पाणी दोन्ही बंद ठेवायची जुनी पद्धत आहे. बुधवारी रात्री तर ही तयारी चुकवूच नका.

दूध एक लिटर जास्त, आलं, गवती चहा, कांदे, बेसन, मुगाची डाळ घरात आहे का बघा. आणि खिडकीच्या पट्ट्या साफ करा. त्याबद्दल पुढे सविस्तर.

३. टेबल कुठे मांडायचं

झडीचा वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पावसाचे शिंतोडे त्याच बाजूच्या खिडक्यांतून आत येतात. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी असेल तर टेबल तिथे मांडा. ती दिवसभर उघडी ठेवता येते, पाऊस दिसतो आणि ऐकू येतो, कागद मात्र भिजत नाहीत. पश्चिमेचीच खिडकी असेल तर टेबल भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या पायाला बांधून वर घ्या.

आता खिडकीची पट्टी. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. काच ज्या पन्हळीत सरकते, तिच्या बाहेरच्या कडेला, अगदी तळाशी, बोटाच्या पेराएवढी लांबट भोकं असतात, साधारण दोन किंवा तीन. पाऊस काचेवरून ओघळून या पन्हळीत साचतो आणि त्या भोकांतून बाहेर जातो, अशी ती रचना आहे. उन्हाळाभर पन्हळीत धूळ, कबुतरांची पिसं, माश्या साठतात. पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग पन्हळ काठोकाठ भरते आणि वाऱ्याची झुळूक आली की पाणी आतल्या बाजूने घरात सांडतं. लोकांना वाटतं भिंत गळते आहे, आणि ते वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात.

उपाय दहा मिनिटांचा आहे. आधी कोरडी धूळ ब्रशने गोळा करून काढा. पाणी ओतून सुरुवात केलीत तर चिखल भोकांतच जाऊन बसेल. मग टूथब्रशने पन्हळीचे कोपरे घासा, उदबत्तीच्या काडीने भोकं मोकळी करा आणि शेवटी पन्हळीत पेलाभर पाणी ओता. अर्ध्या मिनिटात पाणी बाहेर गेलं तर काम झालं. तसंच उभं राहिलं तर बाहेरून बघा: रंगकाम करताना भोकांवर पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन भरलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ते पातळ सुरीने खरवडून काढा, पण खिडकीबाहेर वाकून नव्हे. वरच्या मजल्यावर असाल तर सोसायटीच्या माणसाकडूनच करून घ्या.

बाल्कनीतल्या पाणी जायच्या जाळीचंही तेच. एक पान आणि दोन केस जाळी तुंबवायला पुरतात, आणि बाल्कनीचा उंबरा दोन इंचांचाच असतो.

४. लाईट गेली तर

आधी हिशेब समजून घ्या, मग वस्तू विकत घ्या. लॅपटॉप साधारण ५० वॅट, राउटर १० ते १२, एलईडी ट्यूब २०, साधा पंखा ७५. हे सगळं मिळून १६० वॅटच्या आसपास होतं. १५० एएचची, १२ व्होल्टची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते. इन्व्हर्टरमधली घट आणि बॅटरी पूर्ण न रिकामी करण्याचं पथ्य धरलं तर हाताशी तेराशेच्या आसपास उरतात. म्हणजे नवी बॅटरी आठ तास चालते. चार वर्षं जुनी असेल तर निम्मेच धरा. झडीत पंखा फारसा लागत नाही, तो बंद ठेवला तर वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

इन्व्हर्टर घेताना ‘प्युअर साइन वेव्ह’ आहे ना ते विचारा. स्क्वेअर वेव्हवर पंखा घुंईऽऽ असा आवाज करतो, आणि शांत दिवसाची सगळी मजा त्या एका आवाजाने जाते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर दोन-तीन महिन्यांनी बघा, मे महिन्यात तर नक्कीच. नळाचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांनी बॅटरीच्या प्लेटा खराब होतात. इस्त्री, इंडक्शन, किटली इन्व्हर्टरवर लावू नका.

भाड्याच्या घरात इन्व्हर्टर बसवणं जमत नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस आणि पूर्ण चार्ज लॅपटॉप एवढ्यावर तीन तास निघतात. यूपीएस घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर असं असतं, पण काही राउटर ९ किंवा ५ व्होल्टचेही असतात. चुकीचा व्होल्टेज दिला तर राउटर जळतो. लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर ६५ वॅट देणारी पॉवर बँक घ्या. २०,००० एमएएचमध्ये लॅपटॉप साधारण एकदा भरतो. नुसता ‘२०,०००’ हा आकडा बघून घेतलेली स्वस्त पॉवर बँक मोबाइल भरेल, लॅपटॉपला पुरणार नाही.

सोसायटीत जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळ ठिकाणी तो फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी असतो. काही सोसायट्यांमध्ये प्रत्येक फ्लॅटला एखादा पॉइंट दिलेला असतो. तो नेमका कोणता, हे वॉचमनला विचारून घ्या आणि राउटर तिथेच लावा.

फक्त तुमच्याच घरची लाईट गेली असेल तर महावितरणला फोन करण्याआधी डीबी (घरातल्या विजेच्या बटणांची मुख्य पेटी) उघडा. पावसाळ्यात आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारं बटण) पडणं फार नेहमीचं आहे. बाहेरच्या भिंतीतला, बाल्कनीतला किंवा गीझरचा पॉइंट ओला झालेला असतो आणि तिथून करंट जमिनीकडे गळतो. शोधायची पद्धत सोपी आहे. कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून, सगळे छोटे एमसीबी (घरातल्या प्रत्येक लाइनचं वेगळं बटण) खाली करा. आरसीसीबी वर करा. तो टिकला तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्या वेळी आरसीसीबी पुन्हा पडतो, ती ओली लाइन. तेवढी बंद ठेवून बाकी घर चालू करा आणि इलेक्ट्रिशियनला सावकाश बोलवा. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून थेट वायर जोडून देणारे लोक भेटतात. त्यांना हे करू देऊ नका. शॉकपासून वाचवणारी घरातली तीच एक वस्तू आहे.

विजा कडाडत असतील तर लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपसून ठेवा. बटण बंद करणं पुरेसं नाही. आकाशातल्या विजेपुढे साध्या स्पाइक गार्डचा फारसा उपयोग होत नाही.

५. नेट गेलं तर

फायबर काचेचं असतं, पावसाने त्याला काही होत नाही. होतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे खांबावरून, झाडावरून नेलेली केबल फांदी पडून तुटते. राउटरवर ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर हेच झालं असं समजा. राउटर बंद-चालू करत बसू नका, लगेच तक्रार नोंदवा. झडीत तक्रारींची रांग लागते आणि आधी नोंदवणाऱ्याकडे लाइनमन आधी येतो.

दुसरं म्हणजे, बऱ्याच जुन्या इमारतींमध्ये फायबर गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येतं आणि तिथून साधी लॅन केबल घरात येते. त्या पेटीला सोसायटीची लाईट लागते. तुमचा राउटर यूपीएसवर छान चालू असतो, वायफायची खूणही दिसते, पण नेट नसतं. पेटीत बॅकअप आहे का, हे कनेक्शन घेतानाच विचारा. शिवाय ही केबल तांब्याची असते आणि गच्चीवरून येते, म्हणून विजांच्या वेळी तीही राउटरमधून काढून ठेवा.

पर्याय म्हणून मोबाइलचं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी धरा, नुसत्या आवाजाला त्याचा अगदी छोटा हिस्सा लागतो. लाईट बराच वेळ गेली की आख्खी गल्ली हॉटस्पॉटवर येते आणि टॉवरवर ताण पडतो. अशा वेळी कॅमेरा बंद करा, सहकाऱ्यांना एका ओळीत कळवा आणि पुढे चला.

६. आवाज आणि उजेड

पत्रा असेल तर मीटिंगमध्ये समोरच्याला पाऊस तुमच्यापेक्षा मोठा ऐकू जातो. लॅपटॉपचा माइक पुरेसा नाही. तोंडाजवळ माइक असलेला वायरचा हेडफोन लावा, ॲपमधली आवाज गाळण्याची सोय चालू करा आणि बोलायचं नसेल तेव्हा म्यूट राहा. वायरचा म्हणतो कारण तो चार्ज करावा लागत नाही.

आभाळ काळवंडलेलं असताना खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसतो. खिडकी समोर किंवा कडेला घ्या. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो, म्हणून चेहऱ्यावर तो फार चांगला दिसतो. संध्याकाळी साडेपाचलाच अंधारून येतं, तेव्हा पिवळसर दिवा भिंतीकडे वळवून लावा.

७. ओल

ही झडीची खरी किंमत आहे. माचीस पेटत नाही, पापड सादळतात, दारं फुगून घट्ट बसतात, कमरेच्या पट्ट्यांवर आणि चामडी बॅगांवर हिरवट बुरशी चढते. काही नियम पाळले तर कामाची खोली तरी कोरडी राहते.

कपडे कामाच्या खोलीत वाळत घालू नका. मशिनमधून काढलेल्या एका खेपेतून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं आणि ते तुमच्या पुस्तकांत, लॅपटॉपच्या पिशवीत मुरतं. मशिनमध्ये पिळण्याचं चक्र दोनदा फिरवा, दोरी दुसऱ्या खोलीत बांधा, कपड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, पंखा लावा आणि तिथली खिडकी थोडी उघडी ठेवा. खिडकी घट्ट बंद केली की कपड्यांना कुबट वास येतो.

लॅपटॉप रात्री भिंतीला टेकवून ठेवू नका, बाहेरची भिंत दमट असते. कॅमेरा आणि हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. स्विचबोर्डाभोवती ओलीचा डाग दिसला तर तो बोर्ड वापरणं थांबवा. रंग उडाला म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

८. चहा, जेवण, भजी

कामाच्या दिवशी दुपारी जड खाल्लं तर झडीत डोळे मिटतात. म्हणून दुपारी खिचडी आणि संध्याकाळी भजी, असा क्रम ठेवा.

खिचडी: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी सालाची मूगडाळ, धुऊन निथळलेली. तुपात जिरं, हिंग, हळद, चार मिरे, मग डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतून साडेचार वाट्या गरम पाणी, मीठ. तीन शिट्ट्या. वाफ आपसूक जिरायला दहा-बारा मिनिटं लागतात. मीटिंगच्या आधी वीस मिनिटं कुकर चढवा, म्हणजे शिट्ट्या मीटिंगच्या अलीकडे होतात आणि मीटिंग संपेपर्यंत खिचडी मुरते. वर तूप, शेजारी लोणचं आणि भाजलेला पापड. याहून सोपं हवं असेल तर गरम मऊभात, मेतकूट, तूप, मीठ.

चहा, दोन कपांचा: दीड कप पाणी, गवती चहाच्या तीन-चार पाती कात्रीने कापून, अर्धा इंच आलं ठेचून, साखर. हे पाणी दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्या, मग दोन लहान चमचे चहा पावडर आणि मिनिटभराने पाऊण कप दूध. आलं कच्चं असताना दूध घातलं तर चहा फाटतो, कारण आल्यातला एक घटक दूध नासवतो. तो उकळल्यावर निष्प्रभ होतो. गवती चहाची जुडी मंडईत आल्याशेजारीच मिळते. ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. मुळांसकट जुडी मिळाली तर एक काडी कुंडीत लावा, महिन्या-दोन महिन्यांत पाती कापण्याजोग्या होतात.

खेकडा भजी, दोघांना: तीन मध्यम कांदे, उभे आणि पातळ चिरलेले. पाकळ्या हाताने सुट्या करा, पाऊण चमचा मीठ चोळा आणि दहा मिनिटं ठेवा. कांद्याला पाणी सुटतं, तेवढंच पाणी पिठाला पुरतं. एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, अर्धा चमचा ओवा हातावर चोळून, कोथिंबीर, एक मोठा चमचा तांदळाचं पीठ. मग बेसन मुठीमुठीने घाला. एक वाटीच्या आतच ते संपतं. पीठ कांद्याला चिकटलं पाहिजे, कांदा पिठात बुडता कामा नये. शेवटी एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन.

तेल तापलं का बघायला पिठाचा थेंब टाका. तो लगेच वर आला पण लगेच लाल झाला नाही, म्हणजे तापमान बरोबर. मध्यम आचेवर एका घाण्याला तीन-चार मिनिटं लागतात. भजी बिघडतात त्याची कारणं ठरलेली आहेत: वरून पाणी घातलं तर मऊ पडतात, मीठ लावून कांदा अर्धा तास विसरलात तर पाणी फार सुटतं आणि मग बेसन वाढवत जावं लागतं, तेल फार तापलं तर बाहेरून काळी आणि आत पिठूळ, तळून झाकून ठेवली तर वाफेने लिबलिबीत. कागदावर पसरण्यापेक्षा चाळणीत काढा, खालून वारा लागतो.

चिरण्यापासून ताटात येईपर्यंत पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. कॅलेंडरवर साडेचार ते पाच ही वेळ अडवून ठेवा, त्यात मीटिंग घेऊ नका. भर पावसात बाहेरून मागवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणणारा मुलगा चिखलातून दुचाकी घालून येतो आणि डबा उघडेपर्यंत भजी मऊ झालेली असतात.

९. दिवसाची मांडणी

सकाळी नऊ ते बारा गडबडीचे. घंटागाडी, कामाच्या मावशी, शेजारचा मिक्सर. फोन, मीटिंगा, छोटी उत्तरं यांत उरकून घ्या. पुण्याची दुपार एरवीही शांत असते. झडीत एक ते चार या वेळात पावसाशिवाय काही ऐकू येत नाही. डोकं लावून करायचं काम या तीन तासांसाठी राखून ठेवा. सूचना बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, पंखा बंद, खिडकी चार बोटं उघडी. गाणी लावू नका. पावसाचा आवाज पत्र्यावर वेगळा, पानांवर वेगळा, आणि जोर बदलला की काम करता करता कानाला कळतो. मध्येच उघडीप मिळाली की बुलबुल आणि दयाळ लगेच बोलायला लागतात. तेव्हा दहा मिनिटं उठा, खिडकी पूर्ण उघडा, खोलीतली दमट हवा बाहेर जाऊ द्या.

पाय गार पडतात, मोजे घाला. झडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं राहून जातं आणि दुपारी डोकं दुखतं, त्यामुळे तांब्या टेबलावरच ठेवा. नळाला गढूळ पाणी येत असेल तर तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळा आणि खळखळून उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळणं टाळू नका.

१०. लॅपटॉप कधी मिटायचा

सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी, डेक्कनजवळची पुलाची वाडी, किंवा नदी-ओढ्याकाठच्या कुठल्याही वस्तीत तळमजल्यावर राहत असाल तर विसर्ग वाढल्याची बातमी हाच तुमचा गजर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं होतं. अशा वेळी गाडी उंचावर लावा, कागदपत्रं आणि औषधं पिशवीत भरा, मेन स्विच बंद करा आणि ऑफिसला एक ओळ कळवून निघा. पाणी पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीपर्यंत आलं असेल तर त्या पाण्यात पाय घालू नका, महावितरणला कळवून इमारतीचा पुरवठा आधी बंद करून घ्या.

नदीला पाणी आलं की बाबा भिडे पूल वाहतुकीला बंद होतो आणि लगेच पूर बघायला पुलांवर गर्दी जमते. त्या गर्दीत जाऊ नका. गाडी मोठ्या झाडाखाली, विशेषतः गुलमोहर आणि रेन ट्रीखाली लावू नका. पावसाने जड झालेल्या फांद्या वारा नसतानाही मोडतात. रस्त्यात तुटलेली वायर दिसली तर ती बंद आहे की चालू याचा अंदाज बांधू नका. लांब राहा, बाकीच्यांना थांबवा, १९१२ ला सांगा.

११. झड उघडल्यावर

पहिलं ऊन पडेल त्या दिवशी गाद्या, उशा, चपलांचे जोड, बॅगा बाल्कनीत काढा. पायपुसणी धुवा. खिडकीच्या पन्हळी पुन्हा एकदा ब्रशने साफ करा, झडीतला चिखल वाळून घट्ट बसायच्या आत. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरची जुनी बादली रिकामी करून कोरडी पुसा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो, आणि दिवसभर टेबलाखाली असतात ते तुमचेच पाय. ताटल्या नुसत्या ओतू नका, घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. हे काम पावसाळा संपेपर्यंत दर आठवड्याला एक वार ठरवून करायचं.